मापारणीची जागा

त्या दिवशी पेठेत कोवळं ऊन पडलं होतं. आठ दिवसांचं मळभ सरलं होतं आणि वारा अगदी पडला होता. धान्य मोजायला याहून चांगला दिवस नाही. म्हणून आसपासच्या गावांच्या गाड्या उजाडतानाच येऊन लागल्या होत्या.

त्याच दिवशी बयजा मापारीण आपली सात महिन्यांची लेक कडेवर घेऊन कामावर परत आली.

मापारीण म्हणजे धान्य मोजणारी बाई. शेतकऱ्याचं धान्य पायलीनं मोजायचं आणि मोठ्यानं आकडा सांगत जायचं. पहिल्या पायलीला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. मग दोन, तीन, चार. मल्लाप्पाशेट धान्यवाल्याच्या दुकानात बयजा हे काम नऊ वर्षं करत होती. गाडीमागे ठरलेल्या ओंजळी धान्य ही तिची मजुरी, आणि त्यावरच तिच्या घरची चूल.

आता त्या पेठेचा एक जुना नियम होता, बरं का. कामाची बाई बाळंतपणाला गेली, की मूल आपलं आपण बसायला लागेपर्यंत तिची जागा राखून ठेवायची. मात्र दुकानातलं ते कामच बंद पडलं, तर दुकानदार मोकळा.

बयजानं लेकीला दुकानाच्या पायरीवर बसवलं. लेक ऐटीत बसली.

“शेट, आले मी.”

“आलीस, बरं झालं,” मल्लाप्पाशेट म्हणाला. “पण मापारणीची जागा राहिली नाही गं आता. मोडली आम्ही ती.”

“मोडली म्हणजे?”

“म्हणजे आमच्या दुकानात मापाचं कामच उरलं नाही. नियमाला धरून आहे सगळं. तू असं कर, मागं बायका खडे निवडायला बसतात, तिथं बस. निम्म्या ओंजळी मिळतील. लेकरू आहे पदरात, तुला बसून करायचं कामच बरं.”

“माप तरी मी कुठं नाचत घालत होते, शेट?”

शेजारच्या दुकानात हसन दोरवाला सुंभ वळत बसला होता. तो हळूच म्हणाला, “घे बाई मिळतंय ते. शेटशी वाकडं घेऊन या पेठेत कोण टिकलंय?”

बयजा पायरीवर बसली. निम्म्या ओंजळी म्हणजे काहीच नाही असं नव्हतं. पण तिच्या मनात आलं, आज मी हे मुकाट्यानं घेतलं, तर उद्या पेठेतली कुठलीच बाई निर्धास्तपणे बाळंतपणाला जाणार नाही. तिनं लेकीला उचललं आणि ती थेट पंचांकडे गेली.

पेठेचे पाच पंच होते. त्यांत वडील रावजी तांबट. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“शेट म्हणतो काम बंद पडलं. तू म्हणतेस तसं नाही. खरं काय ते कसं कळायचं, बाई?”

“इथं बसून नाही कळायचं, आबा. शेटच्या दुकानात घटकाभर बसा. काही विचारू नका. नुसते बसा.”

पंच गेले, मागोमाग लेकीला घेऊन बयजाही. शेटनं गादी झटकली, पानाचं तबक पुढं केलं आणि स्वतःही एक विडा तोंडात घातला. मग बोलायला लागला. “काळ कठीण आलाय, आबा. दुकान तगवायचं तर जागा कमी कराव्या लागतात. बयजावर माझा राग आहे का? मुळीच नाही. पण ते काम म्हणून आता उरलंच नाही, तर…”

तेवढ्यात मागच्या अंगणातून आवाज आला.

“लाभ! दोन! तीन! चार! चार!”

शेटचा विडा गालात तसाच राहिला.

“अहो मापारी, चार दोनदा झालं की!” एक शेतकरी ओरडला.

“मला मापारी म्हणू नका हो! दाजींनी बजावलंय. कोठार-कारभारी म्हणा.”

“तुम्हाला महाराज म्हणतो, पण माझी पायली खाऊ नका!”

पंच उठून अंगणात गेले. शेटचा मेहुणा गुरुपाद पायली घेऊन बसला होता. भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला.

“किती दिवस करताय हे काम?” रावजींनी विचारलं.

“चार महिने झाले.”

“आणि आधी कोण करायचं?”

गुरुपाद साधा माणूस. त्याला खोटं सुचलंच नाही. “मधले काही दिवस दाजींनीच कसंबसं मोजलं, त्याआधी बयजाबाई. माझ्या कंबरेची पार वाट लागली हो, आबा.”

शेट मागून धावत आला. “नवा आहे तो! शिकेल. दोन महिन्यांत बयजापेक्षा चांगलं मोजेल.”

“मोजू दे की,” रावजी शांतपणे म्हणाले. “दुप्पट चांगलं मोजलं तरी मला काय त्याचं? कोण चांगलं मोजतं हे बघायला आम्ही आलोच नाही. काम चालू आहे की बंद, एवढंच बघायचं होतं. चालू आहे. आम्ही पाचांनी कानांनी ऐकलं. माणसाला नवं नाव दिलं म्हणून काम नवं होत नाही, शेट. बयजाची जागा बयजाला द्या. पहिल्याइतक्याच ओंजळींवर. आणि पायली तुम्ही आपल्या हातानं तिला द्यायची.”

सगळ्या अंगणादेखत शेटनं पायली उचलली आणि बयजाच्या हाती दिली. सगळ्यांत मोठा सुस्कारा गुरुपादनं सोडला.

बयजानं पदर खोचला. लेकीला पोत्याला टेकवून बसवलं. पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “लाभ!”

खडे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. त्यांतल्या एकीला सातवा महिना होता. ती खाली मान घालून काम करायची, कुणाशी फार बोलायची नाही. ती मोठ्यानं म्हणाली, “चला, आता मी पण खुशाल जाते माहेरी!” आणि सगळं अंगण हसलं. गाडीवानसुद्धा हसले. दिवस मावळेपर्यंत बारा गाड्या मोजून झाल्या.

तात्पर्य: दुकान बंद करताना हसन दोरवाला धीर करून मल्लाप्पाशेटला जे म्हणाला, तेच. “शेट, सकाळी मीच तिला गप्प बस म्हणालो, चुकलो. बाई बाळंत व्हायला गेली होती, काम सोडून गेली नव्हती. काम चालू आहे तोवर जागा तिचीच. ती परत देण्यात तुमचे उपकार नाहीत, आणि मागण्यात तिला लाज नाही.”