वणव्याच्या चौकीवरचा संथ लॅपटॉप

मुलांनो, एका डोंगरउतारावर सुक्या गवताचं रान होतं आणि त्या रानात एक तरुण खार राहत असे. तिच्याकडे वणव्याच्या चौकीचं काम होतं. चौकी म्हणजे खोल दरीतली दगडी कपार, आणि कपारीत एक जुना लॅपटॉप. कड्यांवरच्या कॅमेऱ्यांत धूर दिसतो का ते पाहायचं, वरचा वारा कुठे वाहतो ते पाहायचं, नकाशावर सुटकेची वाट शोधायची आणि सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडायचा की अमक्या बाजूला पळा. ही कामं एक संपवून दुसरं अशी होत नाहीत. आग तेवढी थांबत नाही. चारही खिडक्या पडद्यावर एकदम उघड्या लागतात.

लॅपटॉपला दोन खिडक्या जेमतेम झेपत. तिसरी उघडली की कोपऱ्यात एक चाक गोल गोल फिरू लागे आणि सगळं जिथल्या तिथे गोठे. खारीने त्यावर युक्ती काढली होती. वारा पाहायचा, डोक्यात ठेवायचा, ती खिडकी मिटायची, मग नकाशा उघडायचा. थंडीच्या दिवसांत लहानसहान वणवे लागले, ते तिने असेच निभावले. सगळं रान म्हणायचं, "पोरगी हुशार आहे." लॅपटॉपबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा खार लॅपटॉप घेऊन दुरुस्ती करणाऱ्या कावळ्याकडे गेली. कावळ्याने तो उघडला, पंख्यात अडकलेला कचरा काढला, आत चोच घालून पाहिलं.

"मेमरी वाढवता येणार नाही. आतच पक्की बसवलेली आहे," तो म्हणाला.

"मग टाकून देऊ?"

"टाकू नकोस. लॅपटॉप वाईट नाही. पत्रं लिहायला, हिशोब ठेवायला खुशाल वर्षानुवर्षं वापर. पण वणव्याच्या कामाला नवा घे. हा भार याचा नाही."

खारीने हे जाणत्यांच्या बैठकीत सांगितलं. बैठकीचा म्होरक्या होता एक म्हातारा गवा. त्याच्या शेजारी एक साळिंदर बसे आणि गवा जे बोलेल त्याला मान डोलावे. रानाच्या तिजोरीत पैसे होते, तो प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की एका पोरीचं ऐकायचं की नाही. शेवटी गवा स्वतः चौकी पाहायला आला. म्हणजे शिंगं आत आली, उरलेला गवा बाहेर राहिला.

"कॅमेरा लाव," तो म्हणाला. कॅमेरा लागला.

"बंद कर. वारा दाखव." वारा दिसला.

"बंद कर. नकाशा." नकाशा आला.

"तोही बंद कर आणि निरोप पाठव बघू." साळिंदराचा फोन वाजला.

"झालं की! सगळं तर चालतंय."

"आजोबा, असं एकेक नाही. चारही एकदम उघडून बघा."

"एकदम कशाला? तोंडातला घास संपल्याशिवाय मी दुसरा घेत नाही."

"तुम्ही तर गिळलेला घाससुद्धा परत वर आणता, आजोबा."

साळिंदर फिसकन हसलं. गव्याने वळून पाहिलं तेव्हा ते खोकू लागलं.

"जीभ फार चालते या पोरीची," गवा म्हणाला. "कावळा काय म्हणाला? लॅपटॉप वाईट नाही, असंच ना?"

"त्याच्या पुढेही म्हणाला तो..."

"मग झालं तर! आमच्या वेळी आम्ही टेकाडावर उभं राहून हंबरत होतो. रान राहिलंच ना?"

"रान राहिलं. त्यातलं कोण कोण राहिलं, हे कोणी विचारलं होतं?"

गव्याने शिंगं कपारीतून मागे घेतली. "तू हुशार आहेस. भागवून घे. पाऊस होऊन गेला की बघू."

चौकीच्या वरच्या अंगाला, उंच गवतात एक सशीण राहायची. तिची पिल्लं नुकती कुठे पळायला शिकली होती आणि एकमेकांच्या पायांत येऊन पडत होती. खारीचा चेहरा पाहून तिने हाक मारली, "काय गं खारताई, गाल फुगलेत की आत शेंगदाणे भरलेत?"

"गवत लवकर सुकलंय. यंदा तू पिल्लांना घेऊन ओढ्याकडे जा राहायला. तो लॅपटॉप ऐनवेळी दगा देईल."

"तुझा लॅपटॉप कोण ओळखतं? मी तुला ओळखते. तू तिथे बसलेली असतेस म्हणून माझा डोळा लागतो बघ."

खार यावर काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं.

मग एका दुपारी कड्यावरच्या कॅमेऱ्यात धूर दिसला. बघता बघता धुराखाली ज्वाळा दिसू लागल्या. त्या रानातून सुटायच्या वाटा दोनच, एक खाली ओढ्याकडे आणि एक वर पठाराकडे. आग कुठल्या बाजूला धावणार हे वाऱ्यावर ठरणार होतं, आणि दरीतल्या त्या कपारीत झाडाचं पानसुद्धा हलत नसे. खारीने वाऱ्याची खिडकी उघडली. बाण ओढ्याकडे वळलेले दिसले. पण कोपऱ्यात चाक फिरत होतं. हा आत्ताचा वारा होता की सकाळचा, कळायला मार्ग नव्हता. कॅमेऱ्याचं चित्र गोठलं. नकाशा अर्धाच उमटला. खार थांबली. आणखी थांबली. कपारीत जळक्या गवताचा वास येऊ लागला तेव्हा तिने समोर दिसणाऱ्या बाणांवर भरवसा ठेवला आणि निरोप धाडला, "पठाराकडे पळा!"

तो निरोप गेला. सगळ्यांचे फोन वाजले. उतारावरचे सगळे पठाराकडे धावले.

आणि मग चाक थांबलं. पडद्यावरचे बाण गर्रकन फिरले आणि पठाराकडे वळले. वारा केव्हाच बदलला होता. लॅपटॉप तिला सकाळ दाखवत बसला होता.

खारीने लगेच लिहिलं, "पठाराकडे जाऊ नका! ओढ्याकडे वळा!" पडद्यावर चाक पुन्हा फिरू लागलं. निरोप जाईना. तिने लॅपटॉप तसाच सोडला, झाडावरून झाडावर उड्या मारत वर गेली आणि घसा फाटेपर्यंत ओरडली. भेकरांनी तिचं ऐकलं, ती वळली. वानरं वळली. सशीण आणि तिची पिल्लं पठारावर पोहोचली होती. खारीने सांगितलं तशी सशीण ताबडतोब निघाली होती.

संध्याकाळी सशीण एकटीच चौकीवर आली. तिचे कान करपले होते. गळ्यातला फोन तेवढा शाबूत होता.

"पठाराकडेच म्हणालीस ना गं?" तिने विचारलं. "मी नीट वाचलं होतं ना?"

तेवढ्यात सशिणीच्या गळ्यातला फोन वाजला. सशिणीने वाचलं, "पठाराकडे जाऊ नका! ओढ्याकडे वळा!"

तिने पुन्हा एकदा वाचलं. मग फोन गळ्यातून काढला, कपारीच्या दगडावर ठेवला आणि निघून गेली. खारीने तिला दोनदा हाक मारली. ती वळली नाही.

गवा त्या दुपारी ओढ्यातल्या चिखलात डुंबत होता. त्याचा केसही करपला नाही. बैठकीत तो म्हणाला, "लॅपटॉप चालू होता. निरोप वेळेवर गेला. आता चुकीचा निरोप लिहिला कोणी? लॅपटॉपने?" कावळ्याला कोणी बोलावलं नाही. खारीने तोंड उघडलं तर गवा म्हणाला, "आधी केलेलं निस्तर, मग बोल." तिला चौकीवरून काढून टाकलं. उद्या कोणी बैठकीकडे बोट दाखवू नये म्हणून त्याच दिवशी नवा लॅपटॉपही मागवला, आणि त्याच्यापुढे दुसरी एक खार बसवली.

नव्या लॅपटॉपवर चारही खिडक्या एकदम उघडल्या. चाक नाही, अडखळणं नाही. जमलेली जनावरं माना उंचावून पाहू लागली.

"बघितलंत?" गवा म्हणाला. "चांगलं जनावर बसवलं की सगळं कसं सुरळीत चालतं!"

तात्पर्य : हत्यार पुरतं की नाही हे ते रोज हाताळणाऱ्याला विचारावं. "अजून चालतंय की" असं बाहेर उभं राहून म्हणणाऱ्याचं त्यात काहीच जळत नसतं. आणि मुलांनो, "तू हुशार आहेस, भागवून घे" असं कोणी म्हणालं तर त्याला कौतुक समजू नका. भागत नसेल तर नाही भागत म्हणा, आणि ऐकून घेईपर्यंत म्हणत राहा.