राजाच्या कानाजवळचे भोक

दुसऱ्याची वस्तू न विचारता सुधारून देणारी माणसे पाहिली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अशाच एका शिष्याची ही गोष्ट.

गोव्याच्या सीमेलगत एक वृद्ध गुरुजी राहत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची पोर्तुगीज चांदीची नाणी जमवण्यात त्यांची हयात गेली होती. एके सकाळी मासळी विकणारी एक बाई तसलेच नाणे घेऊन आली. काळवंडलेले, राजाच्या कानाजवळ भोक पाडलेले. तिच्या घरच्या प्रत्येक बाळाच्या करगोट्यात ते बारशाला ओवले जाई, आणि त्याच संध्याकाळी नातवाचे बारसे होते.

"नाण्यावरचो हो राजा कोण, तेवढां सांगा," असे म्हणून नाणे ठेवून ती बाजारात गेली.

दुपारी गुरुजींचा डोळा लागला. तेवढ्यात शिष्याने नाणे सोनाराकडे नेले, भोक चांदीने बुजवून घेतले आणि चिंच घासून ते लखलखीत केले. संग्राहकांच्या लेखी भोक म्हणजे खोट. आपण बाईचे भलेच केले, असे त्याला वाटले.

बाई परतली. नाणे उलटसुलट पाहून म्हणाली, "ह्यां माझां न्हय. माझ्या नाण्याक भोक होतां."

"तेच आहे, मावशी," शिष्य हसून म्हणाला. "मी बुजवून घेतलं."

गुरुजी ताडकन उठले. कपाटातून त्यांनी आपले सर्वांत देखणे नाणे काढले. एकही ओरखडा नसलेले ते नाणे पुढे शिष्यालाच मिळायचे होते. त्यांनी ते पाटावर ठेवले, वर खिळा धरला आणि हातोडीचा घाव घातला.

"गुरुजी! सत्यानाश केलात!" शिष्य किंचाळला.

"का रे? तू बुजवलंस, मी पाडलं. माझ्या नाण्यावर राजाचा इतिहास, म्हणून तुझा जीव कळवळला. हिच्या नाण्यावर हिच्या आईचा, आजीचा होता, तो मात्र तुला डाग वाटला! मूर्खा, दुसऱ्याची खूण पुसणाऱ्याने नाणी कशाला जमवावीत?"

मग ते नाणे त्यांनी बाईपुढे धरले. "बाई, आज हे ओवा."

तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवले आणि नाणे खाली ठेवले. "ह्यां पोराक टोचतलां, गुरुजी. आमच्या भोकाची कड मऊ होती. चार पिढ्यांच्या दोऱ्यान झिजलेली."

आपले चकचकीत नाणे पदराला बांधून ती निघून गेली.

गुरुजींनी भोक पडलेले नाणे शिष्याच्या हातात कोंबले. त्याने त्या धारदार कडेवर अंगठा टेकवला आणि मान खाली घातली.

त्या संध्याकाळी बाळाच्या कमरेला नुसताच दोरा बांधला गेला.