कर्ण्यात बोलायची शाळा

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्याच्या राज्यात उसाचं एक खोरं होतं. हंगामात तिथं गुऱ्हाळं पेटत. प्रत्येक गुऱ्हाळात एक गुळव्या असे. उकळता रस चुलवणावरून कधी उतरवायचा, हे तो सांगे. घाई केली तर गूळ बसत नाही, उशीर केला तर करपतो.

खोऱ्यात एक विधवा राहत होती. नवरा गेला आणि त्याचं गुळव्याचं काम तिनं हाती घेतलं. त्यानं शिकवलेलं सगळं तिनं मुलीलाही शिकवलं. त्याचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं.

एके वर्षी राजधानीचा व्यापारी आला. म्हणाला, "पुढच्या हंगामापासून रस ढवळायला आणि उतरवायला लोखंडी हात येणार. पण भिऊ नका. हातांजवळ माणसं लागतीलच. त्यांच्यासाठी मी शाळा काढतोय, तीही फुकट. शिकेल त्याला शिक्का, शिक्का असेल त्याला काम."

सगळे गुळवे शाळेत जाऊ लागले. मुलगीही गेली. आईला ते फुकटपण खटकलं, पण पोरीच्या पोटाचा प्रश्न होता.

संध्याकाळी तिनं विचारलं, "काय शिकलीस?"

"गुरुजी विचारतात, आम्ही सांगतो. भिंतीत पितळी कर्णा आहे, त्यात तोंड घालून बोलायचं."

"कुठं चुकलीस?"

"कुणीच चुकत नाही, आई."

आईच्या हातातला घास थांबला. "कुणीच चुकत नाही, मग तिथं शिकतं कोण?"

"तुला तर सगळ्यातच काळंबेरं दिसतं," मुलगी फणकारली. "शिक्का नाही मिळाला तर खायचं काय?"

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच शाळेत जाऊन बसली. गुरुजी गोड बोलणारे होते. त्यांनी विचारलं, "गूळ झाला हे कसं ओळखायचं?"

ती उठली आणि कर्ण्यात तोंड घालून म्हणाली, "पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा. पार विरघळून गेला, की गूळ झाला."

वर्गात हशा पिकला. एक म्हातारा गुळव्या डोळे पुसत म्हणाला, "अहो वहिनी, तो गूळ मग पेल्यातनं प्यायचा का?"

फक्त गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. "छान. पुढचं कोण?"

हसणं हळूहळू विझलं. थेंबाची गोळी व्हावी लागते, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं.

"गुरुजी, मी बरोबर सांगितलं का?" तिनं विचारलं.

"इथं प्रत्येक उत्तर मोलाचं आहे, बाई."

"कुणाला मोलाचं? आणि या कर्ण्याची नळी भिंतीतून कुठं जाते?"

"आवाज चांगला घुमावा म्हणून बसवलीय," गुरुजी तितक्याच गोडीनं म्हणाले.

म्हाताऱ्यानं उठून पलीकडच्या खोलीचं दार लोटलं. आत लोखंडी हात उभे होते. नळीचं टोक त्यांच्यावर रोखलेलं होतं आणि हात हवेतल्या हवेत संथपणे ढवळत होते.

विधवेनं मुलीला उठवलं. म्हातारा आणि आणखी काही जण त्यांच्यामागून बाहेर पडले. "यापुढं एक शब्द सांगणार नाही," ती म्हणाली. "हात खोलून दाखवा. तो चालतो कसा, अडला तर नीट कसा करायचा, ते शिकवा. मग बोलू."

बाकीचे बसून राहिले. "बसल्या जागी काम मिळतंय, तर हिला भांडण सुचतंय!" कुणीतरी म्हणालं. "नवरा गेल्यापासून हिचा कशावर विश्वासच राहिला नाही."

ते तिनं ऐकलं. वळून पाहिलं नाही.

हंगाम तोंडावर आला होता आणि जाणते निघून गेल्यानं हातांचं शिकणं अजून अर्धवट होतं. व्यापाऱ्यानं विधवेला आधी दटावलं, मग गोंजारलं. शेवटी त्यानं एक हात तिच्या अंगणात आणून खिळा न् खिळा सुटा करून दाखवला. मुलीनं तो जोडला, मोडला, पुन्हा जोडला. चार वेळा चुकली. मगच तिनं त्या हाताला एकेक गोष्ट सांगितली.

हंगाम उजाडला. शिक्केवाले नवे कपडे घालून व्यापाऱ्याच्या गुऱ्हाळापाशी आले. दारावर कारभारी होता.

"शिक्का झकास आहे," तो म्हणाला. "येतं काय तुम्हाला?"

त्यांनी येत होतं ते सगळं सांगितलं.

"ते तर आता हातांनाही येतं," कारभारी म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं.

आत एक हात अडकला होता आणि मुलगी त्याच्या सांध्यात तेल सोडत होती. दुपारी आई भाकरी घेऊन आली.

"शिकल्याचं चीज झालं, आता तरी पटलं ना, आई? व्यापारी म्हणतो, पुढच्या वर्षी याहून मोठं काही शिकवणार आहे."

"जेव आधी," आई म्हणाली. "आणि त्याला विचार, त्यातलं आपल्याकडं काय राहणार आहे?"

तात्पर्य: शिकायला जाताना शिक्का काय मिळणार हे विचारण्याआधी, आपण देणार काय आणि घेऊन येणार काय, हे विचारावं.