साळूचं टेकाड

चिंचदऱ्यात दर तिसऱ्या घरात एक केरू आहे. केर म्हणजे घर झाडून बाहेर टाकतो तो. असलं नाव पोराला कोण ठेवतं, असं पाहुण्याने विचारलं की गावातले म्हातारे ओढ्यापलीकडच्या बोडक्या टेकाडाकडे बोट करतात आणि घसा खाकरून सांगायला बसतात.

साळूची तीन पोरं पाचवी पुजायच्या आधीच गेली होती म्हणे. चौथा झाला तेव्हा जाणत्यांनी ठरवलं, हा उकिरड्यावर टाकायचा. नकोशा पोरावर सटवाईची नजर पडत नाही. परक्या बाईने त्याला उचलायचं, केरू म्हणायचं, आणि मग आईने मूठभर जोंधळे देऊन मागून आणायचं.

टाकला. पण उचलायचा मान पाटलाच्या सुनेचा की गुरवाच्या, यावरून पारावर जुंपली. ऊन चढलं. पोराचं रडणं बारीक होत गेलं, मग थांबलं. साळू दहा पावलांवर पाठमोरी उभी होती. तिला वळून बघायची बंदी होती.

"दम धर, ठरतंय आमचं," सासरा म्हणाला.

तिने दम धरला नाही. गेली, पोर उचललं, तोंडावरच्या माश्या हाकलल्या. त्याने डोळे उघडले.

"नासवलंस सगळं," सासरा म्हणाला. "आईनंच उचलल्यावर सटवाई फसंल व्हय?"

साळूला ते तीन खड्डे आठवले.

"मग मी आई न्हाई," ती म्हणाली. "परकी हाय. वाटंत घावलंय मला."

तिने पोर आपल्या जावेच्या, भागूच्या ओटीत घातलं. भागूने आई म्हणून मूठभर जोंधळे तिच्या पदरात टाकले. साळू ओढा ओलांडून टेकाडावर राहायला गेली. कुणी अडवलं नाही. सगळ्यांच्या सोयीचंच होतं.

तिथून घरचं अंगण दिसायचं. केरू रांगला, चालला, गुरं वळायला लागला. ती बघायची, हाक मारायची नाही. एकदा चुकलेलं वासरू हुडकत तो वर आला, बारा वर्षांचा असेल. पाणी मागितलं. तिने दिलं.

"कुणाचा रं तू?"

"भागूचा."

"बरं. जा, आई वाट बघत असंल."

तो वासरू घेऊन उतरला. पुन्हा वर यायचं त्याला काही कारण पडलं नाही.

आजही चिंचदऱ्यात कुणी लांबून टक लावून बसलं आणि हाक मारेना, तर 'साळवत बसलीय' म्हणतात. गोष्ट संपली की म्हातारे टेकाडाला हात जोडतात. त्या दिवशी पारावर कोण कोण बसलं होतं, असं विचारलं, तर मात्र त्यांना एकही नाव आठवत नाही.