फेटेवाल्या केरबाचं रुपेरी कार्ड

एका गावात एक भोळा फेटेवाला राहायचा. त्याचं नाव केरबा. फेटा असा बांधायचा की कुबड्या माणसाचीही मान ताठ व्हायची. हातात एवढी कला, पण कुणी काही सांगितलं की ते त्याच्या डोक्यात जसंच्या तसं बसायचं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर पडायचं.

दूरदूरची लग्नघरं केरबाला विमानाचं तिकीट पाठवून बोलवायची. विमान कंपनीने त्याला एक निळं कार्ड दिलं होतं. जाऊन आलं की एक फेरी. दहा फेऱ्या झाल्या की कार्ड रुपेरी होणार आणि एक तिकीट फुकट मिळणार.

त्या फुकट तिकिटात केरबाच्या बायकोचा, हौसाबाईचा, जीव अडकला होता. त्यांची लेक वैजू जम्मूला होती, जावई फौजेत. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटल्यामुळे वैजूचं बाळंतपण तिकडंच झालं होतं. फोनवर ती हट्टाने म्हणाली, "आई आल्याशिवाय बाळाचं नाव ठेवणार नाही." चार महिने झाले, पोराला नाव नव्हतं. सगळे त्याला नुसतं 'हा' म्हणायचे.

सात फेऱ्या झाल्या होत्या. हौसाबाई म्हणाली, "आता तीनच राहिल्या. नीट जावा, नीट या. मोठी माणसं सांगतील तसं वागा."

"बरं झालं सांगितलंस. ध्यानात ठेवतो," केरबा म्हणाला.

आठव्या फेरीला विमानाच्या दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, मागच्या रांगांतले आधी. पुढचे शेवटी. म्हणजे वाटेत दाटी होत नाही."

केरबाला हे फार पटलं. लग्नघरी गेल्यावर त्याने मिरवणुकीच्या शेपटाकडून फेटे बांधायला घेतले. आधी जनरेटरवाला, मग बँडवाले, मग घोडेवाला. नवरदेव सगळ्यांत पुढे, म्हणून त्याची पाळी शेवटी. ती आली तेव्हा फेटे संपले होते. मंडपाच्या दारात नवरदेव बोडका आणि जनरेटरवाला तुरेदार फेट्यात. मुलीच्या आईने जनरेटरवाल्यालाच ओवाळलं. तोही गुमान ओवाळून घेत उभा राहिला.

हौसाबाईने कपाळाला हात लावला. "अवो, आधी नवरदेव! नवरदेव पुढं झाल्याबिगर कुणाला हलू द्यायचं नाही."

"बरं झालं सांगितलंस. ध्यानात ठेवतो."

आणि त्याने खरंच ध्यानात ठेवलं.

पुढच्या वेळी विमानाच्या दाराशी रांग लागली. केरबा पहिला होता. तो वळला आणि दोन्ही हात आडवे करून उभा राहिला.

"नवरदेव कुठाय?"

"कसला नवरदेव?" मुलीने विचारलं.

"एवढी माणसं निघाली आणि त्यात नवरदेव नाही? मग निघालीत कशाला?"

मागून एक टकले गृहस्थ ओरडले, "अहो, मला उशीर होतोय! मीच नवरदेव, चला!"

केरबाने त्यांना खालून वर न्याहाळलं. "तुमची हळद कधीच उतरली."

शेवटी शिपायांनी केरबाला बाजूला नेऊन बसवलं. विमान गेलं. फेरी बुडाली.

या वेळी हौसाबाईने जम्मूला फोन लावून लेकीकडून सगळं विचारून घेतलं आणि नवऱ्याला पढवलं, "विमान कुणासाठी थांबत नसतं. गेल्या गेल्या आपली खुर्ची धरायची. पट्टा बांधायचा. आणि समोरचा दिवा विझेपर्यंत उठायचं नाही. देव आला तरी नाही."

विमानात केरबाने सगळं अगदी चोख केलं. नववी फेरी पदरात पडली म्हणायची. पण उतरल्यावर तो लग्नाला गेला ना! मंडपात दोन मखमली खुर्च्या होत्या. केरबाने गेल्या गेल्या त्यातली एक धरली. पिशवीतला लांबलचक फेटा काढून स्वतःला खुर्चीशी आवळून बांधलं. समोर समई तेवत होती. केरबा समईकडे बघत बसला.

नवरदेव येऊन म्हणाला, "मामा, उठा की."

"दिवा विझू द्या."

समईत तेल काठोकाठ होतं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. नवरदेवाचा काका म्हणाला, "मारू का एक फुंकर?" त्यावर आजी कडाडली, "मुडद्या, शुभकार्यात दिवा विझवतोस होय रे!" मग चौघांनी केरबाला खुर्चीसकट उचललं आणि आचाऱ्याकडे नेऊन ठेवलं. तिथे शेगडी पेटलेली होती. केरबा ती विझायची वाट बघत बसला.

"ती खुर्ची काय तुमची होती?" हौसाबाई म्हणाली. "दुसऱ्याचं धरून बसू नये माणसानं. ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हावं."

"बरं झालं सांगितलंस."

दहाव्या फेरीला विमानतळाच्या खिडकीवरच्या मुलीने त्याला विमानात चढायचा पास दिला. केरबाने तो उलटसुलट करून पाहिला. वर कंपनीचं नाव, खाली कंपनीचं चित्र. त्याने पास परत तिच्यापुढे ठेवला. "घ्या बाई. तुमचं तुम्हाला."

"अहो काका, तुमचाच आहे!"

"नको. खुर्चीपायी लई बोलणी खाल्लीत मी." आणि तो निघाला.

तपासणीच्या दारात जवानाने अडवलं. "पास?"

"ज्याचा त्याला दिला."

तेवढ्यात ती मुलगी एका हातात चपला, दुसऱ्या हातात पास घेऊन धावत आली म्हणून बरं. केरबा कसाबसा विमानात चढला. दहावी फेरी झाली. कार्ड रुपेरी झालं. हौसाबाईच्या नावाचं फुकट तिकीट आलं. केरबाचं तिकीट जावयाने तोवर साठवलेल्या पैशांतून काढलं. रविवारचं बारसं ठरलं.

निघताना हौसाबाईने त्याचा सदरा धरून बजावलं, "हे बघा, आता एकच सांगते. बाकी काही राहिलं तरी चालंल. पास तेवढा सोडायचा नाही!"

केरबाने दोघांचे पास आतल्या खिशात ठेवले आणि वरून हात दाबून धरला. विमानतळावर त्याने तो हात काढला नाही. नाक खाजलं तरी काढला नाही.

"मी जरा तोंडावर पाणी मारून येते," हौसाबाई म्हणाली. "पिशव्या बघा. बाळाची कुंची आहे, लाडू आहेत."

ती गेली आणि पुकारा झाला, "रुपेरी कार्डवाल्यांनी सगळ्यांच्या आधी यावं."

सगळ्यांच्या आधी! केरबाची छाती फुगली. तो उठला. दारातल्या मुलीने त्याचा पास तपासला आणि हसून विचारलं, "काका, सगळं घेतलंत ना?"

केरबाने खिसा चाचपला. एक पास, दोन पास.

"घेतलं!"

विमानात तो खिडकीशी बसला. थोड्या वेळाने हौसाबाईचं नाव तीनदा पुकारलं. पुढच्या खुर्चीवरच्या बाई म्हणाल्या, "कुठे अडकली असेल बिचारी?"

"घोर लावून घेऊ नका," केरबा म्हणाला. "तिचा पास माझ्याकडं आहे." आणि त्याने पट्टा बांधला.

जम्मूला पाळणा फुलांनी सजला होता. शेजारी आजीसाठी पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. वैजू बाळाला घेऊन दारात धावत आली. बापाच्या मागे कुणीच नव्हतं.

"आबा, आई कुठाय?"

"पोरी, पिशव्या राहिल्या. लाडू राहिले. कुंची राहिली. तुझी आईबी राहिली," केरबा म्हणाला. मग त्याने खिशातून तो पास काढला, सदऱ्याला पुसला, आणि जपून आजीच्या पाटावर ठेवला. "पण हा सोडला नाही बघ. वाचून बघ, नावसुद्धा तिचंच आहे. घाला आता बाळाला पाळण्यात!"