झुबकीचा फुटाणा आणि पाच दुकानांची भवानी

कान टवकारा. बोटं तोंडातून काढा. गोष्ट गरम आहे, फुंकर मारून ऐका.

एक होती खार. तिचं नाव झुबकी. झुबकी एवढीशी. शेपटी मात्र एवढी मोठ्ठी!

ती राहायची बाजारात, गेनूकाकांच्या पत्र्यावर. गेनूकाका फुटाणे भाजायचे. भट्टी पेटली की वाळू तापायची. वाळू तापली की चणे उडायचे. फट्! फट्! फटाक्! एक फुटाणा खाली पडायचा. तो झुबकीचा. रोजचा. हक्काचा.

एक दिवस झुबकी खाली आली. तुरु तुरु तुरु!

भट्टी गार. वाळू गार. फुटाणा नाही. पोटात गुरगुर, गुरगुर.

गेनूकाका खुर्चीत बसलेले. अंगात नवा सदरा. लांबच्या शहरातून खोक्यात बसून आलेला. बाह्या पार गुडघ्यापर्यंत. पण नवा हं!

"गेनूकाका, गेनूकाका! भट्टी पेटवा, मग मला फुटाणा मिळेल."

"भवानी नाही, भट्टी नाही!" गेनूकाका म्हणाले.

भवानी म्हणजे काय? सकाळचं पहिलं गिऱ्हाईक. ते आल्याशिवाय गेनूकाका हलत नाहीत. नाकावर माशी बसली, तरी बसू दे!

"लोक गावात घेतच नाहीत!" गेनूकाकांनी बाही झटकली. "ती तानूआक्का फुटाणे घेईल, तेव्हा बघू."

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु!

तानूआक्का टोपल्या विणायची. आत्ता मात्र चकचकीत पुडीतला चिवडा खात होती. पुडी मोठी, चिवडा चिमूटभर. बाकी सगळी हवा. हवा छान होती म्हणे.

"तानूआक्का, तानूआक्का! फुटाणे घ्या, मग गेनूकाका भट्टी पेटवतील, मग मला फुटाणा मिळेल."

"भवानी नाही, खरेदी नाही! लोक गावात घेतच नाहीत!" आक्काने पुडी झटकली. "तो भिवा टोपली घेईल, तेव्हा बघू."

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु!

भिवादादा चपला शिवायचे. त्यांची हत्यारं होती प्लॅस्टिकच्या डब्यात. डबाही खोक्यातूनच आलेला. हातोडी ठेवली, डबा तडकला. ठक्! दादा म्हणाले, "काय मजबूत डबा आहे!"

"भिवादादा, भिवादादा! टोपली घ्या, मग तानूआक्का फुटाणे घेईल, मग गेनूकाका भट्टी पेटवतील, मग मला फुटाणा मिळेल."

"भवानी नाही, खरेदी नाही! लोक गावात घेतच नाहीत!" दादांनी डब्याला दोरी बांधली. "ती सोनामावशी चपला घेईल, तेव्हा बघू."

झुबकी निघाली. तुरु तुरु तुरु!

सोनामावशी मडकी घडवायची. तिच्या पायात खोक्यातल्या चपला. एक डावी. दुसरीही डावी! मावशी चालली की गोल गोल फिरायची. म्हणून बसूनच होती.

"सोनामावशी, सोनामावशी! चपला घ्या, मग भिवादादा टोपली घेतील, मग तानूआक्का फुटाणे घेईल, मग गेनूकाका भट्टी पेटवतील, मग मला फुटाणा मिळेल."

"भवानी नाही, खरेदी नाही! लोक गावात घेतच नाहीत!" मावशीने पाय लपवले. "ते चाँदचाचा माठ घेतील, तेव्हा बघू."

झुबकी निघाली. तुरु... तुरु... दमली बिचारी. तुरु.

चाँदचाचा सदरे शिवायचे. मशीनवर त्यांची बाटली. बाटलीतलं पाणी उन्हाने तापलेलं. चाचांनी घोट घेतला. "हाय हाय! जीभ भाजली! वा, काय बाटली आहे!"

"चाचा, चाचा! माठ घ्या, मग सोनामावशी चपला घेईल, मग भिवादादा टोपली घेतील, मग तानूआक्का फुटाणे घेईल, मग गेनूकाका भट्टी पेटवतील, मग मला फुटाणा मिळेल."

"भवानी नाही, खरेदी नाही, बेटा! लोक गावात घेतच नाहीत!" चाचांनी जीभ बाहेर काढून वारा घातला. "ते गेनूकाका सदरा शिवून घेतील, तेव्हा बघू."

झुबकी थांबली. शेपटी थांबली.

गेनूकाका? म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?

पळाली परत. तुरुतुरुतुरुतुरु!

"गेनूकाका, गेनूकाका! सदरा शिवून घ्या, मग चाचा माठ घेतील, मग सोनामावशी चपला घेईल, मग भिवादादा टोपली घेतील, मग तानूआक्का फुटाणे घेईल, मग तुम्ही भट्टी पेटवाल, मग मला फुटाणा मिळेल!"

"भवानी नाही, खरेदी नाही!" गेनूकाका म्हणाले.

बसा आता! हा त्याची वाट बघतोय. ती ह्याची वाट बघतेय. सगळे मोठे. सगळे हुश्शार. सगळे बसलेले!

झुबकीने पाय आपटला. टप्! एवढुसा पाय, एवढुसा आवाज.

"आता मीच होते गिऱ्हाईक!"

बाजारामागे चिंचेचं झाड होतं. झुबकी वर चढली. सर्र सर्र! एक चिंच तोडली. कट्! चिंच तोंडात धरून खाली आली.

"गेनूकाका, चिंच घ्या, फुटाणा द्या."

"एका फुटाण्यासाठी भट्टी पेटवू? लाकडं काय झाडाला लागतात?"

झुबकीने झाडाकडे बघितलं. मग काकांकडे बघितलं. मोठ्या माणसांना किती समजावणार?

ती गेली चाचांकडे. तुरु तुरु तुरु!

"चाचा, चिंच घ्या, एक चिंधी द्या. शेपटीला बांधायला."

चाचांनी चिंच बघितली. भाजलेल्या जिभेला पाणी सुटलं. चाचांनी लाल चिंधी कापली. कच्! चिंच कपाळाला लावली.

"भवानी झाली! भवानी झाली!"

मग काय! चाचा उठले. झप झप झप! त्यांनी माठ घेतला.

मावशी ओरडली, "भवानी झाली!" गोल गोल फिरत भिवादादांकडे गेली. तिने चपला घेतल्या. एक डावी, एक उजवी. परत येताना सरळ आली!

दादा ओरडले, "भवानी झाली!" त्यांनी टोपली घेतली. हातोडी टाकली. टोपली हूं की चूं नाही.

आक्का ओरडली, "भवानी झाली!" धावत आली. "गेनूकाका, शेरभर फुटाणे द्या. हवा नको, फुटाणेच द्या!"

"भवानी झाली!" गेनूकाका टुण्णकन उठले. नाकावरची माशी उडाली. भट्टी पेटली. वाळू तापली. चणे उडाले. फट्! फट्! फटाक्!

एक फुटाणा खाली पडला.

झुबकीने उचलला. गरम! ह्या हातातून त्या हातात, त्या हातातून ह्या हातात. फू फू फू! मग तोंडात. कुरुम!

"आणखी एक," झुबकी म्हणाली.

"आणखी? रोज तर एकच घेतेस!"

"तो रोजचा झाला. तानूआक्कांना आज इकडे कुणी आणलं? त्याचा वेगळा!"

चाचा हसले. आक्का हसली. गेनूकाका हसले नाहीत. पण त्यांनी मूठ भरली. लांब बाही मुठीवर पडली, अर्धे फुटाणे बाहीतच गेले. गेनूकाका तणतणले, "चाचा! आत्ताच माप घ्या माझं!"

उरलेली अर्धी मूठ झुबकीला मिळाली.

मग पाचही जण भट्टीपाशी जमले. फुटाणे खात बसले.

"बाजार कुणामुळे चालू झाला?" चाचांनी विचारलं.

"माझ्यामुळे!" गेनूकाका म्हणाले.

"माझ्यामुळे!" आक्का म्हणाली.

"माझ्यामुळे!" दादा म्हणाले.

"माझ्यामुळे!" मावशी म्हणाली.

"छे! माझ्यामुळे!" चाचा म्हणाले.

पत्र्यावर झुबकी बसली होती. शेपटीला लाल चिंधी. तिला सगळं ठाऊक होतं. पण ती बोलणार कशी?

डाव्या गालात फुटाणे. उजव्या गालात फुटाणे.

कुरुम कुरुम कुरुम!

फुटाणा फुटला, गोष्टही फुटली. ज्याच्या हाती लागली, त्याने चावून खावी.