कुंदाचा रिपोर्ट

"बाबा, डी जीवनसत्त्व अकराचं अडतीस केलं, बी-बारा वर आणलं. मग माझी बहीण अजून परत का येत नाही?"

टेकडीवरच्या दर्ग्याच्या ओट्यावर निजामबाबा फकिरांसमोर वामन कोष्टी रिपोर्ट पसरून बसला होता. तालुक्यातली रक्त तपासायची मोठी लॅब त्याची. पहिल्याच टोचणीला शीर सापडते, हे तो कुणी न विचारताच सांगायचा.

"गेली कुठं ती?"

"घरातच आहे. कुंदाला स्किझोफ्रेनिया आहे, बाबा. कानात माणसं बोलायची, ती त्यांच्याशी भांडायची. गोळ्यांनी ते थांबलं. पण आता नुसती बसून असते... मला वाटलं, रक्तात काही कमी असेल."

वामननं रिपोर्टाची घडी घातली.

"समोर बसलेली असते, आणि तिचीच आठवण येते. पूर्वी मला 'येड्या दादा' म्हणायची. तेवढं एकदा ऐकायचंय. गोळ्या बंद करून बघू?"

"डॉक्टर काय म्हणतात?"

"अजिबात बंद करू नका म्हणतात."

"मग मला कशाला विचारतोस?"

बाबांनी कफनीची बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"घे माझं रक्त. माझ्यात काय कमी आहे, तेही कळू दे."

वामनला हुरूप आला. पेटी सोबत होतीच. दंडाला पट्टा बांधता बांधता त्याची जीभ सवयीनं सैल सुटली.

"मूठ आवळा, बाबा. जेवलात का? ही शेळी तुमचीच? भलतीच खोडकर दिसते. चादरी खात असेल तुमच्या... झालं बघा!"

बाबा हसले. "कळलंसुद्धा नाही. सगळ्यांशी असाच बोलतोस?"

"बोलावंच लागतं. माणूस गप्पांत गुंतला की सुईकडे बघत नाही."

"बहिणीचं रक्त कोण काढतं?"

"मीच. दर तीन महिन्यांनी."

"तिला काय विचारतोस?"

वामननं तोंड उघडलं... कापसाचा बोळा त्याच्या हातातच राहिला.

"ती हात हलवत नाही, बाबा," तो कसाबसा म्हणाला. "बोलायची गरजच पडत नाही."

बाबांनी त्याच्या हातातून कापूस घेतला, आपला आपणच दाबून धरला.

"गोळ्या चालूच ठेव. कानातली माणसं गेली, बरं झालं... त्यांच्यानंतर तिच्याशी कोण बोललं?"